बोथ्याच्या घाटात थांबलेली गाडी

बाबा,

तुमच्या नातीला मधूनमधून अर्धंच दिसतं. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे ही नात तुम्हाला ठाऊक नाही. तिसरीत जाते, दोन वेण्या घालते, भेंडी सोडून सगळं खाते. हे पहिल्यांदा झालं ते थंडीतल्या एका सकाळी, स्वयंपाकघरात. मी तिच्यासमोर बसून चहा पीत होतो. तिनं पोह्यांची ताटली पुढं सरकवली आणि म्हणाली, "झाले." ताटलीत डाव्या बाजूचे पोहे तसेच होते. तिची आई म्हणाली, "मंग हे कोण खाईन?" पोरगी ताटलीकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं. "पप्पा, तुमचं एकाच बाजूचं तोंड दिसून राह्यलं." मला वाटलं खेळतेय. पण ती हसत नव्हती. तिनं हात पुढं करून माझा गाल चाचपला, जो तिला दिसत नव्हता तो, आणि तो जागेवर आहे हे कळल्यावर हात तसाच ठेवून बसली. "कडेले चमकते," ती म्हणाली, "विळ्याच्या दातायसारखं. हलते ते." थोड्या वेळानं सगळं परत आलं. मग डोकं धरून ओकली आणि झोपली. उठली ती बिस्किट मागत, आणि अंगणात पळाली. आम्ही दोघं मात्र त्या ताटलीसमोर बसलेलोच होतो.

तिच्या आईनं माझ्यावरच बोट ठेवलं. माझं वेल्डिंगचं दुकान घराला लागूनच आहे, तुमचा गोठा होता तिथं. "तिनं तुमची वेल्डिंग पाह्यली असन. कितीक खेपा म्हटलं, आडोसा करा." एका माणसाचं फाटक दुकानात अर्धवट जोडून पडलं होतं, तरी मी दुकान बंद ठेवलं आणि आधी घराच्या बाजूनं पत्रा ठोकला. खरं सांगतो, हे वेल्डिंगमुळंच झालेलं असावं असं मला फार वाटत होतं. वेल्डिंगची चमक लागलेला डोळा मला माहीत आहे. रात्रभर माती गेल्यासारखा खुपतो, पाणी गळतं, बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, सकाळी बरा होतो. दोष माझा असता तर तो सकाळपर्यंत उतरणारा होता.

बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून, उजेड मारून पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाले, डोळे छान आहेत, चमकेचं काही नाही. मग तिला विचारलं, असं होतं तेव्हा एक डोळा झाकून पाहिलंस का? ती म्हणाली, "पाह्यलं ना. हा झाकला तरी तेवढंच जाते, अन् तो झाकला तरी तेवढंच." मधल्या दिवसांत तिला आणखी एकदा झालं होतं, आणि तिनं हे आपलं आपणच करून पाहिलं होतं, आम्हाला न सांगता. डॉक्टरांनी थेंबांची बाटली बंद केली. मग चिठ्ठी लिहिली, अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून. बाहेर पायऱ्यांवर तिची आई मला म्हणाली, "डोळे चांगले हायेत म्हणले ना?" तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता. मी म्हणालो, "हाव." डोळ्यात नाही तर मग ते डोळ्यांच्या मागं कुठंतरी आहे, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं, आणि तिला सांगायला तोंड उघडेना.

अकोल्याची तारीख मिळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते तुम्हालाच सांगू शकतो. पोरगी शाळेत जाते आणि मी शाळेच्या कुंपणापाशी गाडी उभी करून थांबतो. ती जेवते तेव्हा मी ताटाच्या डाव्या बाजूला पाहतो. ती दारातून आत येते आणि तिचा खांदा चौकटीला घासतो, सगळ्याच पोरांचा घासतो, पण मी उठून तिच्यापाशी जातो. एकदा बाजारात तिनं माझा हात धरायला हात पुढं केला आणि तो माझ्या हाताच्या बाजूनं निघून गेला. ती थांबली, डोळे मिटून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तेच आलं पप्पा." मी तिला उचलून घेतलं. एवढी मोठी पोरगी, पाय लोंबत होते, भाजीवाल्या बाया पाहत होत्या. गावात कुणाचं तरी डोकं दुखत होतं आणि मग ते गाठीचं निघालं, ही गोष्ट मला त्या दिवसांत चार ठिकाणी ऐकू आली. लोक वाईट नव्हते. त्यांना फक्त तेवढंच आठवत होतं.

अकोल्याला जाताना एसटी बोथ्याच्या घाटात शिरली. पोरगी खिडकीशी, तिची आई मध्ये, मी कडेला. आणि त्या वळणावर मला तुम्ही आठवलात. तुम्ही खामगावच्या एसटीवर ड्रायव्हर होतात आणि सुटीच्या दिवशी मला सोबत न्यायचात, तुमच्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर बसवून. त्या दिवशी घाटात तुम्ही गाडी कडेला घेतली. ऊन चढलं होतं, दोन्हीकडं साग. कंडक्टरकाका पुढं आले. तुम्ही म्हणालात, "गाडी तापली." त्यांनी खाली उतरून पाहिलं आणि म्हणाले, "कुठं तापली हो?" तुम्ही मला म्हणालात, "पाणी दे बे," प्यायलात आणि कपाळ स्टेअरिंगवर टेकवून बसलात. मागं लोकांची कुरकुर चाललेली. बऱ्याच वेळानं तुम्ही गाडी सुरू केलीत आणि घाट इतका हळू उतरलात की सायकलवाला पुढं गेला. त्यानंतर काही महिन्यांतच तुम्ही स्टेअरिंग सोडलंत आणि डेपोत गाड्या धुवायचं काम मागून घेतलंत. गावात म्हणायचे, घाटाला भ्याला. माय जेवताना बोलायची, "ड्रायव्हराले पोरगी देली म्हणून माह्या बापानं गावभर सांगतलं होतं. अन् तुम्ही बादली धरली." तुम्ही भाकरी मोडत राहायचात. मी वेल्डिंग शिकायला लागलो तेव्हा काळ्या काचेचा चांगला चष्मा तुम्ही स्वतः जाऊन खामगावहून आणलात आणि माझ्या हातात देत म्हणालात, "डोळे सांभाळ. बाकी सारं जुळवता येते." एसटी घाटाबाहेर पडेपर्यंत माझ्या मनात हे एकामागं एक येऊन बसलं होतं. तुम्ही गेलात ते पोटाच्या दुखण्यानं, डोक्याच्या नाही, हेही मी तिथंच घोकायला लागलो.

अकोल्याला डोक्याचा फोटो काढायच्या मशीनमध्ये जाताना पोरगी घाबरली. तिथल्या बाईंनी मला आत उभं राहू दिलं, फक्त खिशातली किल्ली न् पट्टा बाहेर ठेवायला लावला. मशीन घणासारखं वाजत होतं. तिचे पाय तेवढे बाहेर होते, ते मी धरून उभा राहिलो. मध्येच तिची बोटं हलली, मी दाबली, तिनं परत हलवली. असंच आमचं बोलणं चाललं होतं. मेंदूची मोठी डॉक्टरीणबाई शांत होती. फिल्म उजेडावर लावून तिनं पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली, "गाठ नाही, सूज नाही. काही नाही." पोरीची आई रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी विचारलं, मग होतं कशामुळं? "अर्धशिशीचा एक प्रकार असू शकतो. काही पोरांना आधी असं दिसतं, मग डोकं दुखतं. घरात कुणाला असं व्हायचं का?" मी म्हणालो, "हो. माझ्या वडिलांना." आणि सगळं सांगितलं, घाट, थांबलेली गाडी, स्टेअरिंगवरचं कपाळ, तुम्ही एक डोळा झाकून पाहिलंत आणि मग दुसरा. बाईंनी मान हलवली. "मग जमतं. घराण्यात असतं हे." उपाशी ठेवू नका, झोप पुरी होऊ द्या, उन्हात डोकं झाका, आणि वेगळं काही वाटलं तर लगेच आणा. एवढंच.

घरी आल्यावर मी मायला विचारलं. ती खाटेवर लसूण सोलत होती. "माय, बाबांनी गाडी काऊन सोडली होती?"

"घाटाले भेत होते. अजून काय."

"त्यायचं डोकं दुखे का?"

तिनं लसणाची पाकळी हातात धरली. "कोणाचं नाही दुखत? मले तं कधी सांगतलं नाही." मग टरफलं बाजूला सारत म्हणाली, "डेपोतून आले का अंधारात पडत कधीकधी. मले वाटे, लाजेनं पडतात." आणि पुन्हा सोलायला लागली.

त्यानंतर पोरीला दोनदा झालं. आता ती स्वतःच येऊन सांगते आणि मायच्या खोलीत जाऊन पडते. माय तिच्या कपाळावर ओला फडका ठेवते आणि खिडकी लावून घेते. मी दुकान परत उघडलं आहे. पण पत्र्यापलीकडं पोरीचा आवाज थांबला की माझा हात थांबतो आणि ती पुन्हा बोलेपर्यंत मी रॉड टेकवत नाही.

एक गोष्ट उरली, ती इथं लिहून ठेवतो. डॉक्टरीणबाईंना मी हो म्हणालो, पण मला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही मला तसं कधीच सांगितलं नाही. घाटात तुम्ही डोळे झाकून पाहिलंत, हे मी खरंच पाहिलं होतं की पोरीचं पाहून तुमच्या अंगावर चिकटवलं, हे आता कितीही आठवलं तरी मला सांगता येत नाही. ते तुमचं असेल तर जगण्यासारखं आहे, म्हणून मी ते तुमचं केलं. पोरीलाही सांगितलंय, तुझ्या आजोबांनाही असंच व्हायचं आणि ते चांगले केस पिकेपर्यंत जगले. तिला ते फार आवडलं. म्हणून हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही.