दोन्ही हातांनी दिलेली सिगारेट

शिछाओ गाव,
अकराव्या महिन्याची नववी, बाजाराचा दिवस

मेइच्यू,

तुला ताईचा आशीर्वाद. कारखान्यात गारठा असेल तर आतून दोन बनियन घाल, लाजत बसू नकोस. इथे सगळे धडधाकट. डुकराचं मांस धुरावर टांगलंय, मिरच्या वाळल्या, सूनबाईला पाचवा महिना लागला. झाली खुशाली. दुसरीपर्यंतची माझी शाळा, गोल गोल लिहायला मला जमत नाही. तरी हे पत्र तीन दिवस लांबवलं.

तू विचारलं होतंस, तुझ्या पेइयुआनला सिगारेट कोणी शिकवली? मी कळवलं, टोफूवाल्या लुओच्या हाइफंगने. नुसतं कळवलं नाही. भर बाजारात लुओच्या गाडीपुढे उभी राहून ओरडले, "आई नाही घरात, वळण लावणार कोण? माझ्या भाच्याला नासवलं यानं!" लुओने मान वर केली नाही, टोफू कापत राहिला. मग शाळेत जाऊन नावही मीच दिलं. त्यांनी हाइफंगला काढून टाकलं. सोमवारपासून तो वीटभट्टीवर जाणार होता.

परवा जेवताना मी पेइयुआनला म्हटलं, "सुटलास बाबा त्याच्या संगतीतून."

त्याने वाटी खाली ठेवली. "मावशी, त्याला पहिली सिगारेट मीच दिली."

"थोबाड फोडीन! का दिलीस?"

"वसतिगृहाच्या खोलीत आम्ही आठ जण. महिनाभर माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मग दादाच्या लग्नातलं उरलेलं पाकीट नेलं. एकेकाला दोन्ही हातांनी दिली, तू शिकवलीस तशी. त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसायला जागा दिली. एकटा हाइफंग नको म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, नको म्हणालास तर माझी मान खाली जाईल."

मेइच्यू, हे वाक्य माझं आहे.

तुला सांगितलं नव्हतं ते आता ऐक. माझ्या लेकाच्या लग्नात पेइयुआनच्या हातात सिगारेटचं ताट मीच दिलं. म्हटलं, टेबलाटेबलाशी जा, वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी दे, वारा लागू नये म्हणून ओंजळ धरून पेटवून दे. लोक म्हणत होते, काय गुणी पोर! मी फुगले होते. तिसऱ्या टेबलावर थोरल्या काकांनी एक उलट त्यालाच पुढे केली. "घे रे, पंधराचा झालास, आता बाप्यांत आलास." त्याने माझ्याकडे पाहिलं. नको, हे त्याच्या तोंडावर मला साफ दिसलं. मी जवळ जाऊन कानात तेच वाक्य म्हटलं. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. सगळे हसले. मीही हसले.

आज सकाळी पेइयुआनला घेऊन लुओकडे गेले. ओरडले होते बाजारात, तर माफीही बाजारातच मागायची. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून लाल कागदात बांधून काय नेलं असेल मी? सिगारेटची पाकिटं! सगळे नेतात, मीही नेली. कागद गुंडाळताना या टाळक्यात काही शिरलं नाही.

सगळं सांगितलं. लुओने ऐकलं, हात पुसले आणि रीत म्हणून पाकीट फोडलं. एक स्वतः तोंडात धरली, एक गाडीशी उभ्या हाइफंगपुढे केली. "घे. सोमवारपासून कमावता होणार तू."

पोराने दोन्ही हातांनी घेतली. मग ओंजळ धरून आधी बापाची पेटवायला वाकला.

मी दोन्ही ओढून घेतल्या आणि पाकिटासकट टोफूच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. पलीकडची भाजीवाली ओरडली, "ग्वेईझन, वेड लागलं का गं?"

"लागू दे! लुओ, गाडी झाक. शाळेत चल."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, स्वतःच्या भाच्याचं नाव सांगताय. कळतंय ना?" मी म्हटलं, "माझंही लिहून घ्या." ते काही त्यांनी लिहिलं नाही. हाइफंग सोमवारी वर्गात बसेल. पेइयुआनला शिक्षा, नवं वर्ष होईपर्यंत घरी. मला वाटलं रडेल. येताना वाटेत एवढंच म्हणाला, "खोलीतले आता पुन्हा बोलणार नाहीत." यावर तुला उत्तर सुचलं तर त्याला लिही.

हे सगळं तुला न विचारता केलं. शिव्या द्यायच्या तर मला दे, त्याला नको.

नव्या वर्षाला येशील तेव्हा दरवर्षीसारखी काकांसाठी पाकिटं आणू नकोस. संत्री आण. काका दारातच विचारतील, तेव्हा उत्तर मी देईन. माझी मान खाली जाईल. जाऊ दे.

तुझं पोर सांभाळते म्हणाली होती ती,
ताई ग्वेईझन