पालकांकडून माझ्या अपेक्षा

१४ जून २०२५, शनिवार
सोमवारी शाळा सुरू. यंदा पालकांना पहिल्याच दिवशी शिस्त लावायची. पोरं मुळात चांगली असतात, पालक ढिले असतात. इतक्या वर्षांच्या सर्व्हिसचं हे सार. कळसच्या वस्तीवरच्या आमच्या शाळेत पालकांना आजवर कोणी धड काही सांगितलंच नाही, म्हणून शाळा मागे राहिली.
दुपारी 'पालकांकडून माझ्या अपेक्षा' टाइप केल्या. मालतीला वाचून दाखवल्या. ती भाजी निवडत होती. म्हणाली, छान आहेत, पण पोरं किती उरलीत शाळेत? मी म्हटलं, क्वालिटी बघायची असते. बारामतीत घरात बसून शाळेचं आतलं काय कळणार.

१६ जून, सोमवार
प्रवेशोत्सव. फुगे, गुलाब. पटावर चौदा, हजर आठ. पहिल्या दिवशी पोरं मामाच्या गावालाच असतात.
पालक सभा वेळेत सुरू झाली नाही. शेवटी चौघं जमले. जयवंता, शाळा समितीचा अध्यक्ष, गाडी बंदही न करता दारात उभा. स्वरूपाचे आजोबा गेणबा आबा मात्र अगदी पुढे बसले. तिचे आईबाप पुण्यात कंपनीत, पोर आज्याकडे असते.
सगळं वाचलं. पालकांनी रोज मुलाजवळ तासभर बसावं, तेवढा वेळ मोबाइल बंद. गैरहजेरीसाठी आदल्या दिवशी लेखी अर्ज. मध्येच जयवंताने विचारलं, "सर, तुमचा मिहिर कुठल्या शाळंत हुता?"
विषयांतर. पुढचा मुद्दा घेतला. मिहिरचं वेगळं होतं. मालतीचा आग्रह होता, आणि बस अगदी दारात यायची.
गेणबा आबांनी टाळ्या वाजवल्या. सभा एकंदरीत यशस्वी.

१९ जून, गुरुवार
हजर सहा. अर्ज एकाचाही नाही.
प्राची मॅडम म्हणाल्या, भिगवण रोडच्या इंग्लिश मीडियमची पिवळी बस आता वस्तीपर्यंत येते. तिच्यात जयवंताचा राजवर्धन दिसला. मी म्हटलं, मामाकडे चालला असेल. मॅडम म्हणाल्या, टाय घालून?
तरुण शिक्षकांत निगेटिव्हिटी फार.
अर्जाची अट शिथिल. फोन केला तरी चालेल.

२३ जून, सोमवार
जयवंता आला! अपेक्षांवर बोलायलाच आला असणार, म्हणून खुर्ची दिली. खिचडी शिजवणाऱ्या साखरबाईंना चहा सांगितला. प्रिंट पुढे ठेवली. तो प्रिंटकडे बघत म्हणाला, "राग मानू नका सर. दाखला पायजे."
मी म्हटलं, अरे, तू अध्यक्ष! तर म्हणाला, "म्हणून तर पैल्याच दिशी न्हाय आलो."
माझी पहिली नेमणूक याच शाळेत होती. तेव्हा हा दुसरीत. याचा हात धरून मी बाराखडी गिरवून घेतली. फिरून बदली होऊन इथेच आलो, तेव्हा सगळ्यात आधी हाच हार घेऊन आला होता. तेही बोलून दाखवलं. तो मान खाली घालून म्हणाला, "तुमी शिकवलेलं वाया न्हाय गेलं सर. पर पोराचं येगळं हाय."
दाखला दिला. चहा न पिता गेला. घाईत असेल.

२७ जून, शुक्रवार
प्राची मॅडमना दुसऱ्या शाळेवर पाठवलं. तात्पुरतं आहे. जाताना त्यांनी कपाट आवरून दिलं आणि माझ्या पाया पडल्या. तात्पुरतं असताना पाया कशाला पडायचं?
दुपारी घरोघर गेलो. अपेक्षा समक्ष समजावल्या की फरक पडतो. एका घरी बाईंनी पाणी दिलं, "मालक न्हाईत," म्हणाल्या. आतून मालक खोकले. दुसऱ्या घरी पोरगं मला बघून पळत आलं आणि मला इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणालं. दुपारचे तीन वाजले होते. चूक दुरुस्त केली. बरं वाटलं.
आता दाखला न्यायला भाचे, पुतणे पाठवतात. नवीन अपेक्षा: दाखल्यासाठी पालकांनी निदान स्वतः यावं.

२ जुलै, बुधवार
स्वरूपा एकटी उरली. चौथीत आहे.
सकाळी तिला सोडायला आलेले गेणबा आबा ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी हाय तवर माझी नात हितंच, सर." सगळे म्हणजे मी आणि साखरबाई. पण असा एक पालक पुरतो. त्याच्यामागून बाकीचे येतील. पुढच्या सभेत आबांचा सत्कार ठेवायचा.
शिवाय एका विद्यार्थिनीला एक शिक्षक ही चैन परदेशातही नसेल. भागाकार दोन दिवसांत झाला. परिपाठ आम्ही तिघांनी केला. राष्ट्रगीताला साखरबाईंचा आवाज चांगला लागतो. नंतर त्यांनी विचारलं, "सर, एका पोरीला डाळ किती टाकू?" नेहमीसारखी, म्हटलं.
मधल्या सुट्टीत स्वरूपा अंगणात ठिकरी खेळत होती. एकदा स्वतःची पाळी, एकदा राजवर्धनची. राजवर्धनची ठिकरी स्वतःच टाकायची, "आउट न्हाय, आउट न्हाय" असं त्याच्या वतीने भांडायचीही. जिंकला राजवर्धनच.
कल्पनाशक्ती उत्तम. प्रगतिपुस्तकात तशी नोंद करावी.

७ जुलै, सोमवार
गेणबा आबा आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टोपी काढून हातात धरली. मला आधीच कळलं, तरी मी पावसापाण्याचं विचारलं.
म्हणाले, "सर, पोर घरी बोलंना झालीय. काल गोठ्यात बसून पाढं म्हणत हुती. म्हशीला सांगत हुती, आता तू म्हण." मग म्हणाले, "तुमचं शिकवणं लय चांगलं हाय. त्येला कोण नावं ठेवंल? पर तिला खेळाय कुणी न्हाय."
माझ्याकडे उत्तर तयार होतं. पालकांनी शाळेवर विश्वास ठेवावा, हा माझा शेवटचा मुद्दा. तोंडापर्यंत आला. खिडकीतून अंगणात स्वरूपा दिसत होती. एकटीच उभी होती, ठिकरी हातात, खेळत नव्हती. मुद्दा सांगितला नाही.
आबा म्हणाले, "म्या शबुद मोडला." मी म्हटलं, नाही आबा, तुम्ही पोरीचं बघितलंत. ते रडले. मी दाखल्याचं पुस्तक काढलं. कारणाच्या रकान्यात 'पालकांची इच्छा' लिहायची पद्धत आहे. लिहिलं.
जाताना स्वरूपाने विचारलं, "सर, उद्या तुमी कुणाला शिकवनार?"
उद्या बघू, म्हटलं.

८ जुलै, मंगळवार
वेळेवर गेलो. साखरबाईसुद्धा आल्या होत्या, पायरीवर बसून. चूल पेटवली नव्हती. थोड्या वेळाने रस्त्यावरून बस गेली. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.
केंद्रप्रमुखांना फोन लावला. म्हणाले, कुलूप लावा, किल्ली ग्रामपंचायतीत द्या आणि इंदापूरला पंचायत समितीत हजर व्हा. दुसरी शाळा मिळेल, तुमच्या नोकरीला काही होत नाही. आवाजात काळजी होती. मी थँक्यू म्हणालो.
साखरबाई म्हणाल्या, "मग मी उद्या येऊ का नगं?"
मी कुलूप शोधू लागलो. त्यांनीच आत जाऊन पातेलं पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि बांधाच्या वाटेने निघून गेल्या.
इंदापूरला गेलो नाही. उद्या जाईन. सरळ घरी आलो, भर दुपारी. मालतीने दार उघडलं. एवढ्या लवकर कसे, म्हणाली.
शाळा सुटली, म्हटलं.
 तिने माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत जाऊन गॅसवर तवा ठेवला.