‘हं’ नव्हे, ‘हो’

४ सप्टेंबर, सोमवार

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. या वयात कोणी नव्याने कामावर घेतलं, तेही कार्यालय-व्यवस्थापक म्हणून, याचा आनंद मी लपवणार नाही. सकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून निघाले, तेव्हा चिमणी दारात उभी राहून हसत होती. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. नाव वेगळं आहे, पण अखंड चिवचिवाटामुळे हेच पडलं. आम्ही दोघीच राहतो. निवृत्त होऊन घरी बसले असते तर तिने बोलून बोलून माझा जीव खाल्ला असता.

कंपनी नकाशे काढते. प्रशस्त हॉल, उत्तरेच्या खिडक्या, उतरती टेबलं, नकाशे आडवे ठेवायचे रुंद खण. मला जागा फार आवडली. वाईट एकच. हॉलच्या कोपऱ्यात काचेच्या आडोशामागे सर्व्हरचं लोखंडी कपाट आहे आणि त्याचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरतात. काचेचं दार केबलच्या जुडग्यामुळे पूर्ण लागत नाही. इथली माणसं कानात कापूस घालून बसतात. स्वागतिका फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालते. मी विचारलं, हे दुरुस्त का करून घेत नाही? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, सवय झाली. शिकलीसवरलेली माणसं. सवय उकिरड्याचीही होते.

आणखी एक गंमत. ही माणसं भांडायला जिन्यात जातात. दुपारी दोघांचं एका सीमारेषेवरून बिनसलं, तर दोघे मुकाट्याने उठले, जिन्यात जाऊन एकमेकांवर ओरडले आणि परत येऊन गोड आवाजात ‘जरा रबर द्या’ म्हणाले. मला हसू आवरेना. कणा नसला की माणसं अशी सभ्य होतात.

६ सप्टेंबर, बुधवार

तंत्रज्ञाला बोलावलं. पाठकुळीला पिशवी, तोंडात च्युइंगम, पण कामाला बरा निघाला. त्याने कपाट उघडलं तर धुळीचे अक्षरशः गालिचे. दोन पंख्यांचे बेअरिंग गेलेले. पण खरी गोष्ट पुढेच. यंत्रं मुळीच तापत नाहीत. पंख्यांचा वेग उष्णतेप्रमाणे कमीजास्त व्हायला हवा, तर कोणीतरी हाताने तो कायमचा पूर्ण करून ठेवला आहे. माझ्या आधीच्या व्यवस्थापक बाईंनी. म्हणजे इतकी वर्षं ही मंडळी स्वतःच लावलेल्या घरघरीत बोंबलत बसली होती.

मी फर्मान काढलं. वेग उष्णतेवर सोडायचा. लहान कर्कश पंखे काढून मोठे, संथ पंखे बसवायचे. स्क्रूखाली रबराच्या चकत्या. रिकाम्या खाचांना पत्र्याची झाकणं, म्हणजे गरम हवा तिथल्या तिथे फिरणार नाही. कपाटाच्या दाराला आतून फोम. काचेच्या दाराला केबलपुरती खाच कापून ते नीट लावायचं.

मुख्य आरेखक माझ्या टेबलापाशी आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. भुरक्या मिशा, घामेजलेले तळवे. म्हणाले, आवाज राहू द्या, आमची काही तक्रार नाही. कारण विचारलं तर चपलेकडे पाहू लागले. मी सांगितलं, तक्रार माझी आहे आणि तेवढी पुरे.

८ सप्टेंबर, शुक्रवार

काम झालं. जुने पंखे भंगारात गेले. काय सुख! कागदावर पेन्सिल फिरलेली ऐकू येते. कोणी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा नव्हती, पण ही माणसं मयताला आल्यासारखी बसली होती.

संध्याकाळी मी शिपायाला उद्याची कामं सांगत होते. प्रत्येक वाक्यानंतर तो ‘हं’ करत होता. नंतर लक्षात आलं, तो तर केव्हाच चहाचे कप घेऊन बाहेर गेला होता.

११ सप्टेंबर, सोमवार

कोणीतरी माझी टिंगल करत आहे. मी काही बोलले की हॉलमधून ‘हं’ येतं. हलकं, नाकातलं. गोष्ट ऐकणारं मूल हुंकार देतं ना, तसं. वर पाहावं तर सगळ्यांच्या माना खाली. स्वागतिकेवर माझा संशय आहे. तिचा चेहरा पांढरा पडतो, म्हणजे चोर तीच.

‘हं’ मला मुळीच खपत नाही. चिमणीलाही मी लहानपणापासून हेच सांगत आले. आज हॉलच्या मध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हं काय हं? म्हशीसारखं? विचारलं की स्पष्ट ‘हो’ म्हणायचं.”

मामांच्या हातातून पट्टी पडली. मग काचेच्या बाजूने, अगदी आज्ञाधारक आवाजात, आलं, “हो.”

निदान कोणीतरी सुधारलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

शिपाई आळशी आहे. दोनदा बोलावलं तरी स्टुलावरून उठेना. मी विचारलं, “पाय मोडलेत का तुमचे?” त्याने तोंड उघडायच्या आधीच दुसरीकडून ‘हो’ आलं. दुपारी तो जिन्यावरून घसरला. दोन्ही घोटे. स्ट्रेचरवरून नेताना माझ्याकडे असा बघत होता जणू मीच ढकललं. धांदरट माणूस. चप्पल फरपटत चालायची, आणि पडलं की दुसऱ्याकडे बघायचं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

मामांनी मला जिन्यात बोलावलं. मला वाटलं भांडायचं आहे, पण त्यांनी आधी हॉलचं दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की कंपनी या जागेत आली तेव्हापासून त्या हॉलमध्ये कोणीतरी ऐकतं. नुसतं ऐकायचं आणि ‘हं’ म्हणायचं. त्रास काही नाही, पण ऐकवत नसे, म्हणून आधीच्या बाईंनी पंखे पूर्ण वेगाने लावले. मग त्याचं आम्हाला ऐकू येईना आणि आमचंही त्याला धड ऐकू जाईना. तरी खबरदारी म्हणून वाकडं बोलणं जिन्यात.

मी विचारलं, आपण पदवीधर ना? ते रडकुंडीलाच आले. म्हणाले, “हं म्हणत होतं तोवर ते नुसतं ऐकत होतं, बाई. तुम्ही त्याला हो शिकवलंत.”

मी त्यांना डॉक्टर गाठायचा सल्ला दिला. मिशा असून भित्रा माणूस मला बघवत नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी चिमणीचा ऑफिसात फोन आला. गॅसवाला आला होता, पावती सापडत नव्हती. मी तीनदा सांगितलं, कपाटात डावीकडे. ती आपली ‘काय? काय?’ करत राहिली. मागे रेडिओ ठणाणा करत होता. मी म्हणाले, “बहिरी झालीस का गं?”

हो.

फोनमधून नाही. माझ्या मागून.

घरी आले तेव्हा चिमणी रेडिओसमोर बसली होती. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. शेजारी भिंत ठोकत होते. ती मला म्हणाली, ताई, मेला बंद पडला वाटतं.

१७ सप्टेंबर, रविवार

कानाचे डॉक्टर झाले. यंत्राने तपासलं. कान धडधाकट आहेत म्हणे, फक्त ऐकू येत नाही. असली वाक्यं बोलायला फी घेतात.

चिमणीशी आता पाटीवर लिहून बोलते. ती बोलतेच आहे, पूर्वीसारखी. उत्तराची वाट बघते, मग ओशाळून हसते. सकाळी बंद रेडिओला कान लावून बसली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली.

योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार होते. पण माझ्याजवळ बुद्धी आहे आणि ती मला सोडून देत नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

तंत्रज्ञाला बोलावून पंखे पूर्ण वेगाने लावायला सांगितले. त्याने लावले. वारा आला, आवाज नाही. त्याने हात वर केले. हे पंखे पूर्ण वेगातही गप्पच असतात, मॅडम, म्हणून तर तुम्ही हे निवडलेत.

दुपारी सगळ्यांना हॉलबाहेर पाठवलं. काचेसमोर उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती. कपाटाला नमस्कार करायचा तेवढा बाकी. नीट, सरळ, व्याकरणशुद्ध विचारलं, “माझ्या बहिणीला ऐकू येईल का?”

“हो.”

मला रडू आलं. ते इथे लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी चिमणी नाचतच आली. ताई, ऐकू येतंय! मी तिच्यामागे ताट आपटलं. वळली नाही. हाक मारली. नाही. पाटीवर लिहिलं, काय ऐकू येतंय?

ती म्हणाली, कोणीतरी हो म्हणतंय. मी काही विचारलं की हो म्हणतं. गोड आवाज आहे. आपल्या घरात आणखी कोण आहे गं?

ऐकू येईल का, असं मी विचारलं होतं. काय, ते विचारलं नव्हतं. दिलं त्याने. स्वतःच्या सोयीने दिलं.

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कोणालाही काहीही विचारायचं नाही. चांगलंसुद्धा नाही. पण आमच्या घरात बोलणं म्हणजे प्रश्नच. जागी आहेस का, डोळे फुटलेत का, कुठे उलथलीस. आई अशीच बोलायची. आमच्याकडे माया अशीच बाहेर पडते.

चिमणीने पाटी वाचली आणि खो खो हसली. “ताई, वेड लागलंय का तुला?”

मी तिचं तोंड दाबलं. उशीर झाला होता. ती माझ्या बोटांआडून हसत म्हणाली, बघ, तोसुद्धा हो म्हणतोय.

२० सप्टेंबर, बुधवार

ऑफिसला गेले नाही. चप्पल कुठल्या पायाची, ते आठवेना. बसून राहिले.

घरातले सगळे पंखे लावले. मिक्सर लावला. नळ सोडले. उपयोग नाही. ते बाहेरून येत नाही, तिच्या आतच आहे. तिने एकेक बंद केलं. वीज काय फुकट येते का — म्हणाली, आणि थांबली, आणि हसली.

मीटर थांबला आहे. मी पाहिला.

फुकट.

२१ सप्टेंबर —

अक्षर माझंच आहे ना. असं वाकडं नव्हतं. कॉलेजात सुवाच्य अक्षराचं बक्षीस —

सकाळी पुन्हा तिचं तोंड दाबलं. ती विचारायला लागली होती, ‘ताई, तू मला मार—’ पुढचा शब्द बाहेर पडू दिला नाही. घट्ट दाबलं. ती घाबरली. पहिल्यांदाच मला घाबरली. माझी चिमणी.

मूर्ख मुलगी. मी तुला वाचवते आहे. पाटी फोडलीस कशाला.

शुक्रवार

तिने मला आतल्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. रडत होती. डॉक्टरांना घेऊन येते म्हणाली. फोन बाहेर. खिडकीला गज. बरोबरच केलं तिने, मीसुद्धा असंच केलं असतं. घाबरट आहे पण व्यवहार कळतो.

डोकं मधूनच स्वच्छ होतं. तेवढ्यात लिहिते.

दार वाजलं. आली. एकटीच आहे. पावलं एकटीची.

हाक मारते आहे. ताई. मी ओ दिली. अगं ताई. ओ दिली, ओरडून दिली, दारावर मुठी आपटल्या — तिला कुठून — ती दाराला कान लावून उभी आहे, तिची सावली फटीत दिसते, कान लावते आहे बावळट, कशासाठी कान —

ताई, बोलत का नाहीस.

पुढचं वाक्य मला ठाऊक आहे. आईचं. हाकेला ओ आली नाही की आमच्याकडे तेच येतं, दिवसातून दहादा येतं, मीच कितीदा तिला — मेलीस की काय गं —

हे पान फाडते. फटीतून सारते. चिमणे खाली बघ. पायाशी बघ. मी आहे. मी नीट आहे. विचारू नकोस. दार उघड नुसतं, काही न विचा