कुजबुजीचा लिलाव

न्यूलिन, रविवार

प्रिय केरेन्झा,

गेल्या आठवड्यात घरी पोचलो. फोनवर तू विचारलंस, "बाबांना झेपलं ना?" मी नुसतं हो म्हटलं, कारण बाकीचं असं घाईत सांगायचं नव्हतं.

निघताना तू किती चिडली होतीस. "आई, पक्षाघाताला वर्षही झालं नाही आणि तू त्यांना आगगाडीने इटलीला नेतेस?" तुझं चुकलं नव्हतं. पण मला घरात बसवत नव्हतं. ज्या माणसाने उभा जन्म आपल्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला, त्याच्या तोंडून 'हो' आणि 'नको' याखेरीज काही निघेना. भेटायला येणारे त्यांच्यादेखत मला विचारायचे, "डेन्झिल जेवतो का गं नीट?" जणू ते तिथे नाहीतच. निवृत्तीनंतर युरोप बघायचा हे आमचं जुनं ठरलेलं. म्हटलं, आता नाही तर मग कधी?

पॅरिसला मी भलत्याच गाडीत चढत होते, त्यांनी बाही धरून मागे ओढलं. आल्प्समध्ये खिडकीला नाक लावून बसले होते. मिलानला भाड्याची गाडी घेतली. आयुष्यभर रस्त्याच्या डावीकडून चालवलेली मी, तिथे सगळं उजवीकडून, पहिल्याच गोल चौकात बाहेर पडायची वाट सापडेना म्हणून गोल गोल फिरत राहिले. मागचे भोंगे वाजवतायत, आणि शेजारी तुझे बाबा पोट धरून हसतायत. आजारपणानंतर पहिल्यांदा.

व्हेनिसच्या खाली किओज्जा म्हणून मासेमारीचं गाव आहे. तिथे ज्यांच्या घरी आम्ही खोली घेतली, त्या मालकीणबाईंचा भाऊ, रेन्झो, मासळीचा व्यापारी. बाबांचा धंदा कळल्यावर तो आम्हाला बाजारात घेऊन गेला. तिथे लिलाव चालू होता, पण ओरडा नाही. प्रत्येक खरेदीदार पुढे होतो आणि लिलाववाल्याच्या कानात आपला भाव कुजबुजतो. बाबा बघत राहिले. समोर कटलफिशची पेटी आली. मला काही कळायच्या आत ते पुढे झाले, लिलाववाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. त्याने मान डोलावली. पेटी आमची.

मी रेन्झोला विचारलं, "हे काय बोलले?" तो लिलाववाल्याला विचारून आला आणि म्हणाला, "भाव बोलले. आणि बाई, भाव अगदी बरोबर होता." एवढे मासे कोण खाणार? त्या संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्याकडे जेवली.

त्यानंतर रोज थोडं थोडं बोलू लागले. आधी आकडे, मग माशांची नावं, मग माझं नाव. परतताना लंडनला ठेवलेली आपली मोटार घेतली आणि मोठा रस्ता सोडून आडवाटांनी आलो. प्रत्येक गावाची पाटी ते मोठ्याने वाचत. शाफ्ट्सबरीला अडले, तर मला गाडी थांबवायला लावली आणि नीट म्हणून झाल्यावरच पुढे जाऊ दिलं. डेव्हनमध्ये चहाच्या दुकानात स्वतः उठून स्कोन मागवले. वेळ लागला, मागे रांग खोळंबली. ते डेव्हनवाले, स्कोनवर आधी क्रीम फासणार, आणि आपण आधी जॅम. बाईने क्रीमकडे हात नेला तसे म्हणाले, "जॅम... आधी." ती म्हणाली, "म्हणजे कॉर्नवॉलचे तुम्ही. तरीच." बाबांची छाती नुसती फुगली होती.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुझं लग्न आता जवळ आलंय. त्यात जेवणानंतर बापाने उठून जे बोलायचं असतं, ते तू जोरीकाकांवर सोपवलंस, बाबांना ओशाळं वाटू नये म्हणून. काकांना सांग, तुम्ही निवांत जेवा. बाबा बोलणार आहेत. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून सराव चालतो. काय बोलणार ते मलाही सांगत नाहीत. फक्त एक कर. पाहुण्यांना आधीच बजावून ठेव, मध्ये अडले तर कुणी शब्द पुरवायचा नाही. त्यांचा शब्द त्यांना सापडेल. तोवर सगळ्यांनी थांबायचं.

तुझीच,
आई