टेरेसाचा आवाज साफ करू नये

मी, लान्सी तुस्कानो, वय एकाहत्तर, मूळ वसईचा, सध्या मुक्काम सनद, बहरीन, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण वैतागात हे लिहून ठेवतो. जबरदस्ती कोणाची नाही. उलट मुलगा एलरॉय म्हणतो, एवढी घाई काय आहे. घाई आहे.

१. वसईचे घर व विहिरीकडची जागा मुलगी सॅन्ड्रा हिला. एलरॉयने हरकत घेऊ नये. त्याला तिथे डास चावतात.

२. मनामाच्या नईम भागातले माझे कॅसेटचे दुकान ‘टेरेसा म्युझिक’ बंद होऊन जमाना झाला. दिवसा मी अस्करच्या कारखान्यात शिफ्ट करायचो, संध्याकाळी दुकान. मनामाच्या हॉटेलांत आपली गोवेकर-वसईकर पोरे बँड वाजवायची, त्यांचे रेकॉर्डिंग मी स्वतः केले. दुसऱ्या दुकानदारांनी कॉपी मारू नये म्हणून प्रत्येक गाण्यात मध्येच माझी बायको टेरेसा बोलायची, “टेरेसा म्युझिक, नईम.” कॉपी मारणाऱ्याची पंचाईत व्हायची.

टेरेसा गेली. पुढे मी सणाला वसईला गेलो असताना इकडे बहरीनला लंडनच्या एका कंपनीचा माणूस आला. जुनी गाणी गोळा करून रेकॉर्ड काढायची, हा त्यांचा धंदा. आयत्या बिळावर नागोबा! एलरॉयने सगळ्या मूळ टेप खोक्यात भरून त्याच्या हवाली केल्या. रेकॉर्ड निघाली. कव्हर झकास, आत टेरेसा मफी, कुठेच नाही. गाण्यातली घाण म्हणून तिचा आवाज पुसून टाकला. एलरॉय कौतुकाने म्हणाला, “डॅड, सो क्लीन!” अरे, तुझी आई घाण होती का? टेप परत मागितल्या तर कळले, काम झाल्यावर टाकून दिल्या. मी दोन दिवस जेवलो नाही.

३. मग त्या रेकॉर्डवर कार्यक्रम करायला तिकडचीच एक टीव्ही कंपनी आली. बंद दुकानाचे शटर माझ्याकडून पुन्हा पुन्हा उघडून घेतले. टेरेसाबद्दल मी पोटतिडकीने बोललो. कार्यक्रमात फक्त शटर दिसते. यापुढे कोणी कॅमेरा घेऊन आला तर त्याला चहासुद्धा विचारू नये.

४. ती रेकॉर्ड ज्याला हवी त्याने न्यावी.

५. माझी जुनी गाडी एलरॉयला. तो हसेल, कारण तिला भंगारवालाही विचारत नाही. तिच्या प्लेअरमध्ये एक कॅसेट अडकली आहे. निघत नाही, म्हणूनच वाचली. शिफ्टवरून येताना मला झोप लागू नये म्हणून टेरेसाने ती खास भरून दिली होती. दुसऱ्या गाण्यात ती बोलते, “टेरेसा म्युझिक, नईम. लान्सी, हळू चालव. एलरॉय तुझ्यासाठी जेवायचा थांबलाय.”

एलरॉय, ही कॅसेट कोणाला साफ करायला देऊ नकोस. गाडी विकायची तर वीक, पण आधी एकदा तिच्यात एकटा बस.

माझे दफन इथेच, टेरेसाशेजारी करावे.

ठिकाण: सनद, बहरीन
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४
सही: लान्सी तुस्कानो

साक्षीदार:
१. हुसेन परकार, शिंपी, नईम. (साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही म्हणे. हुसेनभाई, माफी.)
२. चंद्रशेखर सावंत, शेजारी, सनद.

दोघांनीही आधी खाली जाऊन गाडीत बसून कॅसेट ऐकली, मगच सह्या केल्या.