सीलर ओतू नकोस

दादा,

ट्रकसाठी लीक सीलर आणलाय, टेबलावर आहे. दुकानदार तांब्याची पूड घातलेला गळ्यात मारत होता. मी म्हटलं, त्यानं भोक बुजेल, पण हीटरच्या बारीक नळ्याही बुजतील. हा मोठ्या डिझेल इंजिनाचा आहे आणि आपल्याच कूलंटमध्ये चालतो, रेडिएटर रिकामा करावा लागत नाही.

पण मी येईपर्यंत तो ओतू नकोस आणि गाडीही काढू नकोस.

तू परवा मला म्हणालास, ‘संध्याकाळी लिटरभर कूलंट कमी झालेलं असतं, बरं झालं तू सकाळी भरतोस.’ दादा, मी भरत नाही. मला वाटायचं तू भरतोस. आज कोपऱ्यातला कूलंटचा कॅन बघितला, त्याचं सील अजून तसंच आहे. आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला.

झाकणाला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळली होती, दोन गाठी मारून, टोक आत खोचलेलं. असं फक्त बाबा करायचे. ते गेले तेव्हा आपण दोघंही फेरीवर होतो, हे तुला सांगायला नको.

मला वेड्यात काढलंस तरी चालेल. आईला घेऊन दुपारी येतो, तिला ती गाठ दाखवायचीय.

जाताना रेडिएटरच्या गळक्या नळीची क्लिप आणखी एक आटा सैल केलीय. आवळू नकोस. त्यांना यायला काहीतरी काम हवं.