छर्रा पलीकडे गेला

समुद्रपूर,
२ मार्च १९५७

प्रिय जिजा,

अक्षर ओळखून कपाळाला आठ्या पडल्या तरी पत्र फाडू नकोस. बातमी आहे. तुझा छर्रा पलीकडे गेला.

आठवतं? शाळेच्या शेवटच्या वर्षी तू सागाच्या फळीवर शेजारी शेजारी दोन खळगे कोरलेस, मधे जवभर उंचवटा ठेवलास आणि माझ्याकडून बेअरिंगचा छर्रा मागून डावीकडच्या खळग्यात ठेवलास. फळी जिनिंगच्या इंजिनघरात, माझ्या स्टुलासमोरच्या भिंतीत बसवून घेतलीस. इंजिन चाललं की भिंत थरथरायची आणि छर्राही जागच्या जागी थरथरायचा. ‘बाबा, कोणी हात नाई लावला तरी हा एक दिवस तिकडे जाईन,’ म्हणालीस. मी हसलो. म्हटलं, बसला तो बसला, पोरी.

त्याच उन्हाळ्यात तू प्रेमदासशी लग्न केलंस. तो आपल्या जातीचा नाही, म्हणून मीही बसलो तो बसलोच.

दहा हंगाम गेले. एकदा पट्टा तुटून सगळी भिंत हादरली, तेव्हा छर्रा उंचवट्यापर्यंत चढला आणि परत डावीकडे घरंगळला. तुझी आई गेली त्या दिवशी तू दाराबाहेर उभी होतीस. मीही कडीपर्यंत आलो होतो, जिजा. मग परत जाऊन बसलो.

परवा दुपारी मात्र विशेष काहीच नव्हतं. झरोक्यातल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, इंजिनची तीच धकधक चालली होती, माझा डोळा लागत होता. उघडून पाहतो तर छर्रा उजवीकडे! तेल घालणाऱ्या हिरालालला दरडावलं. ‘काकाजी, मी कायले हात लावू? मी त इकडे तेल देऊन राह्यलो,’ म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. मग बराच वेळ बघत बसलो. ते बारके धक्के एरवी एकमेकांना खोडत असतील, आणि दहा वर्षांत एखाद्याच घटकेला सगळे एका बाजूने पडत असतील. कोणत्या धक्क्याने काम केलं ते सांगता येत नाही.

माझंही तसंच झालं बघ. कोणी समजावलं नाही, दुखणं आलं नाही. शेजारच्या मनकर्णाबाईंनी आपल्या पोरीला हाक मारली. माझ्या डब्यात जवसाची चटणी दिली, तुला आवडायची तशी. जाम गावाकडून येणारी मोटर थांबली, त्यातून आपलं कोणी उतरलं नाही. हे सगळं रोजचंच. आज दिवे लागताना पाहतो तर मी दौत-टाक घेऊन बसलोय.

पुढच्या आठवड्यात हंगाम संपून इंजिन बंद होईल. त्याआधी ये, प्रेमदासरावांना घेऊन ये. चूक माझी होती, हे त्यांच्यासमोरही म्हणेन. बाबा पुन्हा फिरेल अशी धास्ती तुला वाटेल, वाटायलाच हवी. पण मला तिकडे परत जायला आणखी दहा वर्षं लागतील, पोरी, आणि तेवढा काही मी जगत नाही.

तुझाच,
बाबा